साखर नॉर्मल, पण ट्रायग्लिसराइड २३८. ही मधुमेहाची चाहूल समजायची का?

वेताळटेकडी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

वय ४३, उंची पाच फूट सात इंच, वजन ६४ किलो. घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीला, म्हणजे दिवसाचे तीन तास गाडीत आणि नऊ तास खुर्चीत. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. पहिल्या पानावर उपाशीपोटी साखर ९७, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ५.६. दोन्हीपुढे काही खूण नाही, मी खूष. तिसऱ्या पानावर मात्र दोन आकडे ठळक छापलेले: ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८ आणि एचडीएल (ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात) ३४. एकूण कोलेस्टेरॉल १७८, एलडीएल (वाईट म्हणतात ते) ९६.

तपासणीबरोबर फुकट मिळणारा डॉक्टरांचा फोन आला. तीन मिनिटांत आटोपला. "शुगर चांगली आहे, कोलेस्टेरॉल चांगलं आहे, तेलकट कमी करा." पण कँटीनमध्ये एक सहकारी म्हणाला, "माझंही असंच होतं. चार वर्षांनी शुगर निघाली." माझ्या वडिलांना मधुमेह होता, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जात नाही.

प्रश्न सरळ आहे. रक्तातल्या चरबीवरून पुढे मधुमेह होणार हे कळतं का? की हे दोन वेगळे विषय आहेत आणि मी उगीच दुसऱ्याच्या घरातली धुणी धुतोय?

मिसळसम्राट
पयला! सविस्तर प्रतिसाद तर्री ओतून झाल्यावर देतो.

लाकडीघाणा
हे सगळं रिफाइंड तेलामुळे. घाण्याचं शेंगदाणा तेल सुरू करा, तीन महिन्यांत फरक बघा. माझी आजी रोज वाटीभर तूप खायची, ९१ वर्षं जगली, एकदाही रक्त तपासलं नाही.

पेठेतले आजोबा
तपासलं नाही म्हणूनच काही निघालं नाही. आमच्या वाड्यात एक जण वीजबिल उघडून बघत नसत. त्यांचंही बिल कधी वाढलं नाही.

मुक्तछंद
@वेताळटेकडी, घाबरवायचं नाही, पण विषय एकच आहे. दुसऱ्या बाळंतपणात मला साखर निघाली होती, बाळंतपणानंतर गेली. तेव्हापासून माझ्या डॉक्टर दर वर्षी साखरेबरोबर लिपिड प्रोफाइलही (रक्तातल्या चरबीची तपासणी) करायला लावतात आणि आधी ट्रायग्लिसराइडचाच आकडा बघतात. मी एकदा विचारलं, "हे हृदयासाठी ना?" तर म्हणाल्या, "हृदयासाठी आहेच, पण तुझं पुढचं पान मला इथे वाचता येतं."

नेमकं काय वाचतात ते मलाही हवंय. इथले डॉक्टर लोक कुठे आहेत?

कडूकारलं
आलो. ओपीडी आत्ता संपली.

वेताळटेकडी, तुमच्या डॉक्टरांनी खोटं काही सांगितलं नाही, पण अर्धंच सांगितलं. कोलेस्टेरॉल म्हटलं की सगळ्यांची नजर एलडीएलवर जाते. हृदयाच्या धमन्यांसाठी तो आकडा महत्त्वाचाच. मधुमेहाच्या बाबतीत मात्र एलडीएल फारसं बोलत नाही. ज्यांना जन्मजात, घराण्यातून आलेलं अतिशय जास्त एलडीएल असतं त्यांच्यात टाइप २ मधुमेह उलट थोडा कमी आढळतो. बोलणारे आकडे तुमच्या रिपोर्टात ठळक छापलेत तेच दोन. चढलेलं ट्रायग्लिसराइड आणि पडलेलं एचडीएल.

असं का होतं? आपण समजतो की इन्शुलिनचं काम साखर पेशीत ढकलणं. त्याचं दुसरंही काम आहे. चरबीच्या पेशींना ते सांगत असतं की आत्ता जेवण झालंय, कोठार बंद ठेवा. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की हा हुकूम पाळला जात नाही. कोठाराची दारं किलकिली राहतात, चरबीची आम्लं रक्तात येतात आणि थेट यकृतावर जाऊन आदळतात. यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून परत रक्तात पाठवतं. म्हणून तो आकडा चढतो. हे कण वाढले की एचडीएलशी त्यांची अदलाबदल होते. एचडीएल आपलं कोलेस्टेरॉल देतं आणि ट्रायग्लिसराइड घेतं. असं भरलेलं एचडीएल शरीर लवकर मोडीत काढतं. म्हणून तो आकडा पडतो. दोघं एकत्र बिघडतात ते यामुळे.

मग साखर का बिघडत नाही? कारण स्वादुपिंड जास्तीचं इन्शुलिन ओतून वेळ मारून नेतं. वर्षानुवर्षं नेतं. साखरेचा आकडा सज्जन दिसतो आणि खर्च दुसऱ्या खात्यावर पडत असतो. स्वादुपिंड थकलं की मग साखर दिसते.

१९८८ साली जेराल्ड रीव्हन यांनी या सगळ्या गोतावळ्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. आता मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्यात पाच गोष्टी बघतात, पैकी तीन असल्या की नाव लागतं: ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, आणि कंबर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. तुमच्या दोन झाल्याच. कंबर मोजा.

वेताळटेकडी
धन्यवाद डॉक्टर. कंबर ३४ आहे. पँटवर लिहिलंय.

पेठेतले आजोबा
पँटवर ३४ लिहिलेलं असतं आणि पोट तिच्यावरून ओसंडून वाहत असतं. लक्ष्मी रस्त्यावरचा आमचा शिंपी माप घेताना गिऱ्हाइकाला म्हणायचा, "साहेब, श्वास सोडा, मी कोणाला सांगत नाही."

कडूकारलं
आजोबांनी हसत हसत खरी पद्धत सांगितली. पट्टा लावतो ती जागा नाही. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपा, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरा. श्वास सोडल्यावर मोजा. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये.

वेताळटेकडी
९२.

बायकोने शिवणाच्या टेपने मोजली. मुलीने फोटो काढला. घरातली इज्जत गेली.

सायकलस्वार
पण चौसष्ट किलो म्हणजे सडपातळच की! बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, बावीसच्या आसपास येतो. हा माणूस मधुमेहाच्या रांगेत कसा?

मुक्तछंद
@सायकलस्वार, याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचा. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांची आडनावं इंग्रजीत वायवरून, म्हणून 'वाय-वाय विरोधाभास' असं नाव पडलं.

आणि हे बाळापासून सुरू होतं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा त्यांनी १९९३ पासून अभ्यास केला. आपली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली हातापायांनी, पोटाने बारीक. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसायचं आणि आतून मेदाळ असायचं, हे आपण जन्मतःच घेऊन येतो.

सायकलस्वार
रोचक. म्हणजे वजनकाटा आपल्याशी खोटं बोलतो.

मिसळसम्राट
माझा काटा फार प्रामाणिक आहे. त्यामुळे मी त्याच्याशी बोलणं सोडलंय.

विदावंत
जरा थांबा. धागा नेहमीच्या वाटेने चाललाय: एक आकडा ठळक दिसला की लगेच भविष्य.

एखादी गोष्ट मधुमेहाबरोबर दिसते म्हणजे ती मधुमेह घडवते असं नव्हे. लिपिड बघून मधुमेहाचा अंदाज बांधता येतो, हे मान्य. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून २००७ साली मधुमेहाच्या धोक्याचं एक गणित निघालं. त्यात उपाशीपोटी साखर, वजन, रक्तदाब आणि आईवडिलांचा मधुमेह यांच्या जोडीला कमी एचडीएल आणि १५० च्या वरचं ट्रायग्लिसराइड घेतलंय. म्हणजे गुण मिळतात. पण जनुकांवरून केलेले अभ्यास बघा. ज्यांच्यात जन्मापासून ट्रायग्लिसराइड जास्त राहील अशी जनुकं आहेत, त्यांना त्यामुळे मधुमेह जास्त होतो असं काही दिसत नाही. म्हणजे ही खूण आहे, कारण नव्हे.

आणखी एक. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागायचं आणि ३ च्या वर आलं की बोंब मारायची, अशी एक टूम निघालीये. तो ३ चा आकडा २००३ साली अमेरिकेतल्या जादा वजनाच्या लोकांच्या अभ्यासातून आला. आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो नीट चालत नाही. त्यांना इन्शुलिन दाद देत नसलं तरी ट्रायग्लिसराइड खालीच असतं. त्यामुळे तो आकडा कोणी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नये.

वेताळटेकडी
माझा भागाकार ७ येतो. न्यायाधीश नसेल, पण पोलीस तरी आलाच म्हणायचा.

विदावंत
७ असेल तर मीही दार उघडून बघेन.

सायकलस्वार
विदावंतांच्या खूण आणि कारण या मुद्द्यावर एक आठवलं. मी डेक्कनला राहतो. पावसाळ्यात भिडे पूल पाण्याखाली गेला की आम्ही समजतो, खडकवासल्यातून विसर्ग वाढलाय. पूल बुडाला म्हणून धरण भरत नाही. पण धरणावर न जाताही बातमी कळते.

विदावंत
अगदी. आणि पूल दहा फूट उंच बांधलात तर तो बुडणार नाही, पण धरणातलं पाणी तेवढंच राहील. गोळ्या घेऊन ट्रायग्लिसराइड खाली आणणं हे पूल उंच करणं झालं. नियासिन नावाचं जुनं औषध होतं. ट्रायग्लिसराइड उतरवायचं, एचडीएल चढवायचं, रिपोर्ट देखणा. आणि साखर वाढवायचं!

लाकडीघाणा
बघा! औषधांनीच साखर वाढते. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही मधुमेह होतो, हे सगळे दडवतात.

कडूकारलं
दडवत कोणी नाही. या गोळ्या म्हणजे स्टॅटिन. २०१२ पासून अमेरिकेत त्यांच्या पाकिटातल्या माहितीपत्रकात हे छापून येतं. २०१० साली तेरा चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा नव्या मधुमेहाचा धोका ९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. टक्के ऐकून दचकायला होतं. तोच हिशोब असाही मांडतात: २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एका जणाला जास्तीचा मधुमेह. आणि तो बहुतेक आधीच कडेलोटावर उभा असलेला. झटका येऊन गेलेल्या माणसाने हे वाचून गोळी बंद करू नये. माझ्या ओपीडीत आठवड्याला एक तरी असा फॉरवर्ड वाचून गोळी सोडलेला येतो, मग पुढची वीस मिनिटं त्याच्यात जातात.

पण हा धागा स्टॅटिनचा नाही. वेताळटेकडींचं एलडीएल ९६ आहे.

नळीवाली
पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, लॅबमध्ये आहे. आम्हाला आकडा मशीनने सांगायच्या आधीच कळतो. रक्ताची नळी फिरवून काढली की वर पिवळसर, काचेसारखं स्वच्छ पाणी येतं. ट्रायग्लिसराइड फार असलं की ते गढूळ होतं, आणि हजाराच्या पुढे गेलं की पातळ ताकासारखं पांढरं. परवा एका पंचविशीतल्या मुलाची नळी आली, तिच्यातून पलीकडची खिडकी दिसेना. तसं असेल तर आम्ही रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन करतो. पाचशेच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज यायची भीती सुरू होते, आणि पुढे ती वाढतच जाते.

वेताळटेकडींना विचारायचंय: आदल्या रात्री काय झालं होतं? जेवण किती वाजता? दारू?

वेताळटेकडी
रात्री साडेआठला जेवण, रक्त सकाळी साडेआठला. शुक्रवारी एक बियर. रक्त सोमवारी दिलं.

नळीवाली
मग आकडा बऱ्यापैकी खरा धरायला हरकत नाही. थायरॉइड एकदा बघून घ्या, तो मंदावला तरी लिपिड बिघडतं.

सुगृहिणीवजा
मी जरा वेगळं लिहिते. माझ्या नवऱ्याचं लिपिड कायम आदर्श. ट्रायग्लिसराइड कधी १२० च्या वर गेलं नाही, एचडीएल ५२. रोज पर्वती चढायचा. ४९ व्या वर्षी मधुमेह निघाला. त्यामुळे "माझे हे आकडे चांगले, मी सुटलो" असं कोणी धरून बसू नका.

कडूकारलं
+१. महत्त्वाचा मुद्दा. काहींमध्ये इन्शुलिनला दाद न देणं हा भाग कमी असतो, स्वादुपिंडच कमी पडतं. अशांचं लिपिड बरंच साधं राहू शकतं. पूल कोरडा म्हणून गावात कुठेच पाणी नाही असं नसतं.

पेठेतले आजोबा
या धाग्यावर आता किती वेळा पूल बांधणार आहात? महापालिकेलाही एवढं जमलं नाही.

मिसळसम्राट
मुद्द्यावर या. खायचं काय? दीक्षित की दिवेकर? दोनदा की दर दोन तासांनी?

मुक्तछंद
संपला धागा. आता तीनशे प्रतिसाद नक्की.

अन्नपूर्णेचा भाचा
(दीक्षित-दिवेकर सोडून) आहारतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी. "तेलकट कमी करा" हा सल्ला ट्रायग्लिसराइडला लागू पडतोच असं नाही. आपल्याकडे ते बहुतेक वेळा पिठूळ आणि गोड खाण्यानेच चढतं, कारण उरलेल्या साखरेची चरबी यकृतच करतं. काल माझ्याकडे आलेल्या एका काकांनी तळण पूर्ण सोडलं होतं. मग खात काय होते? सकाळी पोहे, अकराला मारी बिस्किटं सहा, दुपारी चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि भात, चारला दोन चमचे साखरेचा चहा, रात्री पुन्हा तेच, गुरुवारी साबुदाणा खिचडी आणि रोज "फळ चांगलं असतं" म्हणून दोन केळी. तेल महिन्याला अर्धा किलो. ट्रायग्लिसराइड २९०. त्यांच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव होता.

त्यांना मी काही नवं आणायला सांगितलं नाही. चारच्या दोन पोळ्या केल्या, त्या जागी वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, काकडी-कोबीची कोशिंबीर आधी, बिस्किटांच्या जागी मूठभर शेंगदाणे. बटाट्याची भाजी आणि भात एकाच जेवणात नको, एवढंच.

सुगृहिणीवजा
साबुदाण्याबद्दल असं बोललात तर पुण्यात राहू देणार नाहीत.

लाकडीघाणा
शेंगदाणे सांगितलेत, म्हणजे शेवटी शेंगदाण्यावरच आलात ना!

अन्नपूर्णेचा भाचा
दाण्यावर आलो, तेलावर नाही. :)

वेताळटेकडी
(दहा दिवसांनी)
मंडळी, दोन गोष्टी घडल्या.

रविवारी माळ्यावरून बाबांची फाइल काढली. निळ्या कापडी बांधणीची, आत रिपोर्ट तारखेप्रमाणे टाचलेले. बाबा बँकेत होते, प्रत्येक कागदावर कोपऱ्यात हिरव्या शाईने बरोबरची खूण. मधुमेह निघाला २००३ साली. आम्ही सगळे म्हणायचो, अचानक निघाला. फाइलमध्ये १९९६ चा एक रिपोर्ट मिळाला, टंकलेखन यंत्रावरचा. ट्रायग्लिसराइड २६४, एचडीएल ३१. उपाशीपोटी साखर १३१. आणि खाली लिहिलंय, नॉर्मल. त्याच्यापुढेही बाबांची हिरवी खूण आहे.

१३१ नॉर्मल कसं? लॅबची चूक?

दुसरी गोष्ट, घराजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ग्लुकोज पिऊन करतात ती चाचणी लिहून दिली. उद्या आहे.

कडूकारलं
लॅबची चूक नाही. १९९७ पर्यंत उपाशीपोटी १४० झाल्याशिवाय मधुमेह म्हणत नसत. ती रेघ १९९७ मध्ये १२६ वर आणली. तुमच्या वडिलांचं १३१ त्या काळच्या रेघेखालीच होतं, म्हणून "नॉर्मल" लिहिलं गेलं. आजच्या नियमाने, परत तपासून तेवढंच आलं असतं तर मधुमेह धरला असता.

त्यांच्या बाबतीत साखरेनेही वर्दी दिली होती, चरबीनेही. चूक कोणाची नव्हती, रेघ तिथे होती.

पेठेतले आजोबा
हिरव्या शाईने खुणा करणारी माणसं आता राहिली नाहीत. फाइल जपून ठेव बाळा.

वेताळटेकडी
चाचणी झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात. लिंबू पिळून दिलं तरी चौथ्या घोटाला जीभ चिकटायला लागली. पाच मिनिटांत संपवायचं, मग दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर. चालायचं नाही, खायचं नाही. समोर एक आजी चाचणी नसताना सोबत म्हणून आलेल्या, डब्यातून शेव खात होत्या. त्या शेवेचा आवाज मी जन्मात विसरणार नाही.

उपाशीपोटी ९६. दोन तासांनी १५८.

विदावंत
१४० ते १९९ मध्ये आलं. म्हणजे मधुमेहपूर्व. उपाशीपोटी आणि एचबीएवनसी दोन्ही सुटले, हे इथे अडकलं. मी माझा "थांबा" अर्धा मागे घेतो.

मुक्तछंद
म्हणजे लिपिडने दार दाखवलं आणि ग्लुकोजने उघडलं. एचबीएवनसीबद्दल बायकांसाठी एक जोड: अंगात लोह कमी असेल तर तो आकडा उगीच चढलेला येऊ शकतो. माझा एकदा ६.१ आला होता, लोहाच्या गोळ्यांनंतर ५.७. एकाच आकड्यावर भिस्त नको.

कडूकारलं
वेताळटेकडी, घाबरायचं कारण नाही. देशात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) मोठ्या पाहणीप्रमाणे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व आहेत. तुम्ही एकटे नाही. आणि या पायरीवर खरंच मागे फिरता येतं. अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात खाणं-चालणं बदलणाऱ्यांमध्ये मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीने ३१. आपल्याकडच्या लोकांवर चेन्नईत केलेल्या प्रयोगात जीवनशैलीने २८.५ टक्के. आपलं यश कमी दिसतं, पण शून्य नाही. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसते का तेही बघा. बहुतेक दिसेल.

वेताळटेकडी
दिसली. ग्रेड एक, म्हणजे सौम्य.

सायकलस्वार
नाव वेताळटेकडी आहे तर टेकडी चढता ना?

वेताळटेकडी
नाव घेतलं तेव्हा चढायचो. २०१४ साल होतं.

सायकलस्वार
उद्या सहा वाजता, एआरएआयच्या बाजूने. मी खाली थांबतो.

वेताळटेकडी
(चार महिन्यांनी)
धागा वर काढतोय. आठवड्यातून पाच दिवस टेकडी, सायकलस्वारांनी तीनदा घरून ओढून नेलं. भाच्यांचा पोळी-उसळीचा हिशोब पाळला, गणपतीतले पाच दिवस वगळून. वजन ६१.५, कंबर ८८. ट्रायग्लिसराइड १६१, एचडीएल ३७. दोन तासांची साखर १३६. गोळी एकही नाही. थायरॉइड ठीक निघाला.

एचडीएल ढिम्म हलत नाहीये. त्याचं काय करायचं?

कडूकारलं
काही नाही. ते सावकाश येतं, कधी फारसं येतही नाही, आणि त्याला ओढून वर आणून काही हाती लागतं असं आजवर दिसलेलं नाही. कंबर आणि दोन तासांची साखर हलली, ते बघा. वर्षाने परत तपासा.

मिसळसम्राट
इतके दिवस टवाळी केली, पण हा धागा वाचून मीपण रक्त देऊन आलो. रिपोर्ट आलाय. ट्रायग्लिसराइड ४१२, एचडीएल ३३. आणि एलडीएलपुढे नुसती रेघ. आकडाच नाही. ही रेघ म्हणजे काय? संपलो का मी?

नळीवाली
संपला नाहीत. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ च्या एका सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते सूत्र चुकायला लागतं, म्हणून आम्ही रेघ मारतो.

आदल्या रात्री किती वाजता जेवलात?

मिसळसम्राट
पावणेबारा. मावसभावाचं रिसेप्शन होतं. जिलबी-मठ्ठा, शेवटी आइस्क्रीम. रक्त सकाळी सातला.

नळीवाली
पंधरा दिवसांनी परत द्या. आदल्या रात्री आठला जेवा.

मिसळसम्राट
पंधरा दिवसांनी त्याच भावाची सत्यनारायणाची पूजा आहे.

नळीवाली
मग सतरा दिवसांनी.